दोन वाक्यं, दोन वेगळ्या चुका

पहिलं: 'हॅविंग स्टडीड ऑल नाइट, द एक्झाम सीम्ड शॉर्ट, ईझी अँड फेअर.'
दुसरं: 'हॅविंग स्टडीड ऑल नाइट, शी फाउंड द एक्झाम शॉर्ट, ईझी अँड दॅट इट वॉज फेअर.'

दुसऱ्यातली चूक कानालाच खटकते. दोन विशेषणांनंतर एकदम अख्खं उपवाक्य आलंय. तिथे नुसतं 'फेअर' हवं.

पहिलं मात्र वाचताना कुठेच अडखळायला होत नाही, म्हणून मला तेच जास्त धोक्याचं वाटतं. स्वल्पविरामानंतरचा कर्ता आहे 'एक्झाम'. म्हणजे रात्रभर अभ्यास परीक्षेनेच केला, असा अर्थ झाला. आपण इथे हमखास फसतो, कारण मराठीत 'रात्रभर अभ्यास केल्यावर पेपर सोपा वाटला' हे बिनचूक आहे. 'केल्यावर'ला दोन्हीकडे एकच कर्ता लागत नाही. इंग्रजीतल्या या रचनेला लागतो.

म्हणून मी आधी स्वल्पविरामापाशी थांबून 'हे केलं कोणी?' असं विचारते. यादीतले शब्द एकाखाली एक मांडून बघणं त्यानंतर. इथे दुसऱ्याचा कर्ता आणि पहिल्याची यादी घेतली की झालं: 'शी फाउंड द एक्झाम शॉर्ट, ईझी अँड फेअर.'