फ्रिजचे जाळीवाले डबे: घ्या, पण मोजून

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारे हे पारदर्शक डबे कामाचे आहेत. फक्त घरातून निघताना फ्रिजच्या कप्प्याची खोली मोजून न्या. डबा अर्धा इंच जरी पुढे आला तरी दार नीट लागत नाही, फटीतून दमट हवा आत शिरते आणि मागच्या भिंतीवर बर्फ धरतो. पावसाळ्यात तर विचारूच नका.

खरा फायदा तळाच्या जाळीचा. धुतलेल्या कोथिंबिरीचं पाणी खाली उतरतं, पानं लवकर काळी पडत नाहीत. तरी ती आधी कोरडी करून कागदात गुंडाळलेली बरी. झाकण मात्र ढिलं. चिरलेला कांदा किंवा सुकटीची चटणी ठेवलीत की दुसऱ्या दिवशी दह्यालाही तोच वास! त्यासाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाच हवा.

धुताना उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा पुरतो. जाळीच्या कोपऱ्यांना जुना टूथब्रश. डबे बाहेर काढलेलेच आहेत तर मागच्या भिंतीखालचं निचऱ्याचं भोकही बघून घ्या. तिथे एखादं देठ अडकलं की पाणी भाजीच्या ट्रेखाली साचतं, आणि लोक उगाच मेकॅनिकला बोलावतात.