बलाबलाचा हिशेब मांडणाऱ्यांसाठी: 'स्ट्रीट फायटर थर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन'

जपानी व्हिडिओगेम कंपनी कॅपकॉमने मे २०१८मध्ये बाजारात आणलेल्या या संचात १९८७ ते १९९९ या काळातील बारा आर्केड खेळ, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील दोन पात्रांच्या मारामारीचे खेळ, एकत्र मिळतात, आणि ते पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व स्विच या चारही यंत्रांवर चालतात. जुन्या आठवणींसाठी तो घ्यावा की नाही, हा प्रश्न येथे बाजूला ठेवला आहे. कोणते पात्र किती बलवान आणि ते का, हे समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग किती, एवढेच पाहायचे आहे. त्या दृष्टीने एकाच खेळाच्या लागोपाठच्या आवृत्त्या शेजारी शेजारी उपलब्ध असणे हे या संचाचे खरे मोल आहे.

१९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये निवडता येणारी पात्रे आठच होती. त्यांत गाईल आणि धालसिम वरचढ मानले जातात, तर झँगिफ तळाशी. गाईल लांबून सॉनिक बूम हा ऊर्जेचा गोळा सोडतो आणि त्यावरून उडी मारणाऱ्याला फ्लॅश किकने खाली पाडतो. झँगिफचे सगळे सामर्थ्य मात्र पकडीत असल्यामुळे, अंगाला भिडेपर्यंत त्याला निव्वळ मार खावा लागतो. पुढच्याच वर्षीच्या 'चॅम्पियन एडिशन'मध्ये चारही बॉस, म्हणजे आधी फक्त यंत्राच्या हाती असलेले शेवटचे प्रतिस्पर्धी, खेळण्यासाठी खुले झाले, आणि त्यांतल्या एम. बायसनच्या सिझर किकने उतरंडच बदलली. गाईलच्या चाली त्याच राहिल्या, तरी त्याचे स्थान मात्र पहिल्यासारखे राहिले नाही. क्रमवारी ही पात्राच्या अंगची गोष्ट नसून समोर कोण कोण उभे आहे यावर ठरते, हे या दोन आवृत्त्या एकामागून एक खेळल्यावर जितके लख्ख दिसते तितके कोणत्याही टियर लिस्टमध्ये, म्हणजे बळानुसार लावलेल्या पात्रांच्या यादीत, दिसत नाही. 'सुपर टर्बो' या पुढच्या आवृत्तीतील छुपा अकुमा तर इतका वरचढ की त्याला क्रमवारीत धरतच नाहीत: त्याने हवेतून तिरप्या सोडलेल्या गोळ्याला बहुतेकांकडे उत्तरच नसल्याने स्पर्धांमध्ये त्याच्यावर बंदी असते.

संचातील सर्वांत अभ्यासनीय खेळ म्हणजे १९९९चा 'थर्ड स्ट्राइक'. एकोणीस पात्रांच्या या खेळात चुन-ली, युन आणि केन हे तिघे इतरांपेक्षा स्पष्टपणे वर आहेत, आणि त्याचे मूळ सुपर आर्टच्या, म्हणजे पट्टी भरल्यावर वापरता येणाऱ्या खास जोरदार वारांच्या, रचनेत आहे. प्रत्येकाला तीनपैकी एकच सुपर निवडता येतो. चुन-लीची बसून मारलेली मध्यम लाथ लागली की तिथूनच थेट तिचा दुसऱ्या क्रमांकाचा सुपर जोडता येतो, आणि असे दोन सुपर ती साठवून ठेवू शकते. म्हणजे तिच्या साध्या लाथेचीही धास्ती बाळगावी लागते. युनच्या गेनेई जिन या सुपरची पट्टी इतकी आखूड आहे की ती पुन्हा पुन्हा भरते. उलट टोकाला असलेल्या ट्वेल्व्हचा एक सुपर म्हणजे काही काळ प्रतिस्पर्ध्याचेच रूप घेणे, आणि त्याची एकूण अवस्था पाहता तो सल्ला वाईट नाही. आधीच्या 'सेकंड इम्पॅक्ट'मध्ये दबदबा असलेला शॉन येथे तळाला कसा गेला, हेही याच संचात ताडून पाहता येते.

दोन पात्रांची तुलना करताना जपानी खेळाडू, सारख्या कसबाच्या दोघांनी दहा लढती केल्या तर कोण किती जिंकेल, असा अंदाज मांडतात. त्यातला 'सारख्या कसबाच्या' हा भाग विसरला की वाद सुरू होतात. इव्हो या मारामारीच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेत २००४ साली 'थर्ड स्ट्राइक' खेळताना दाइगो उमेहाराने शेवटच्या श्वासावर असलेल्या केनच्या हाताने जस्टिन वाँगच्या चुन-लीचा अख्खा सुपर पॅरी केला, म्हणजे त्यातला प्रत्येक वार अचूक क्षणी परतवला. ते दृश्य टियर लिस्ट खोटी असल्याचा पुरावा म्हणून सर्रास दाखवले जाते. पण केन स्वतः पहिल्या तिघांतला; आणि त्या स्पर्धेची अंतिम लढत उमेहारा पुढे हरला, तीही केंजी ओबाताच्या युनकडून. म्हणजे तो पुरावा लिस्टच्याच बाजूने साक्ष देतो!

उणिवा आहेत, आणि त्या याच अभ्यासाच्या आड येतात. संग्रहालय विभागात रेखाटने आणि पात्रांची माहिती भरपूर आहे. मात्र कोणता वार किती फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरील किती चित्रांनंतर, लागतो, याचे तक्ते नाहीत. बारापैकी चारच खेळ ऑनलाइन खेळता येतात, त्यामुळे 'चॅम्पियन एडिशन' किंवा 'सेकंड इम्पॅक्ट'मधील पात्रे जोखायची तर शेजारी बसणारा जोडीदारच हवा. यंत्राशी खेळून काढलेले निष्कर्ष कुचकामी ठरतात, कारण 'स्ट्रीट फायटर २'मधील यंत्राचा गाईल पुढे चालता चालता सॉनिक बूम सोडतो. माणसाला त्यासाठी आधी मागे दाबून धरावे लागते. म्हणून घरात दोन कंट्रोलर आणि तितकाच हट्टी प्रतिस्पर्धी असेल त्याच्यासाठी या संचाला पाचपैकी साडेचार गुण, आणि एकट्याने खेळणाऱ्यासाठी तीन.