घाटकोपर, दादर की परळ? डोंबिवली ते चकाला, रोजच्या प्रवासाचा रिव्ह्यू

घर डोंबिवलीला, ऑफिस अंधेरी ईस्टला चकाला मेट्रोपासून पाच मिनिटांवर. जॉईन झाले तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, घाटकोपरला उतर, मेट्रो पकड, विषय संपला. सकाळपुरतं ते शंभर टक्के खरंय. पण संध्याकाळी परत पण यायचं असतं ना बाई, ते कोणीच सांगत नाही.

सकाळ, घाटकोपर: चार स्टार. फास्ट लोकल मिळाली की पाऊण तासाच्या आत घाटकोपर, वर पूल चढून मेट्रो, बॅग चेकिंगची लाईन बघून पोटात गोळा येतो पण सरकते भराभर. मेट्रो ही इथूनच सुटते, त्यामुळे एक गाडी सोडली की पुढच्या गाडीत बसायला मिळायचा चान्स असतो. डबे फक्त चार, म्हणून दाराशी अंदाज घेऊनच उभं राहायचं. 2014 ला मेट्रो आली त्याआधी लोक इथून बस नाहीतर रिक्षाने अंधेरीला जायचे हे आठवलं की गर्दीबद्दल बोलायची हिंमत होत नाही. एकच सांगते, ठाणा गेलं की दाराकडे सरकायला लागायचं, विक्रोळी आल्यावर उठलात तर संपलात. मी पहिल्याच आठवड्यात "घाटकोपर आहे का, घाटकोपर आहे का" करत कुर्ल्याला उतरले.

संध्याकाळ, घाटकोपर: दीड स्टार, आणि तो अर्धा पण मेट्रोचा. डाऊन, म्हणजे कल्याणकडे जाणारी फास्ट घाटकोपरला येते तीच भरून, सीएसएमटी, भायखळा, दादर, कुर्ला सगळे आधीच आत. लेडीज डब्यात शिरल्या शिरल्या "कुठे उतरणार" विचारून सीट लावायची पद्धत असते ना, ती इथे उपयोगाची नाही, कारण विचारायला तोंड वळवता येत नाही आणि सगळ्यांचं उत्तर डोंबिवली, कल्याण, बदलापूर. चाळीस मिनिटं एका पायावर.

दादर बरं पडेल म्हणून महिनाभर तेही केलं. चकालाहून मेट्रोने अंधेरी, तिथून वेस्टर्न फास्टने दादर, मग पूल ओलांडून सेंट्रल. 2023 च्या डिसेंबरपासून दादरचे प्लॅटफॉर्म नंबर सलग केलेत, वेस्टर्नचे 1 ते 7 आणि सेंट्रलचे 8 ते 14, मी अजून "सेंट्रलचा एक नंबर" म्हणते आणि मैत्रीण आठ नंबरवर माझी वाट बघते. गर्दीत फरक शून्य, उलट पुलावर दहा मिनिटं जास्त गेली. सोडून दिलं.

आता करते ते असं, आणि ऑफिसात सगळे वेड्यात काढतात: अंधेरीहून स्लो पकडून प्रभादेवी, पूल ओलांडून परळ, आणि तिथून सुटणारी कल्याण स्लो. 2019 पासून परळहून गाड्या सुटतात, आधी दादरहून सुटायच्या त्यातल्या बऱ्याच इथे आणल्या. रिकामा डबा येतो, खिडकी मिळते, पर्स मांडीवर, मटार सोलायचे असले तर मटार, नाहीतर झोप. तास-सव्वा तास लागतो म्हणजे घाटकोपरपेक्षा घरी पोचायला पाऊण तास तरी उशीर, पण मी घरी पोचल्यावर माणसासारखी बोलते, हे घरच्यांचं म्हणणं. साडेचार स्टार. अर्धा कापला तो पुलावरच्या धक्काबुक्कीचा, आणि 29 सप्टेंबर 2017 ला प्रभादेवी स्टेशनच्या जुन्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली ते पावसात तिथून जाताना आठवतंच, तेव्हा प्रभादेवीला एल्फिन्स्टन म्हणायचे. पाऊस असेल त्या दिवशी मी घाईच करत नाही, गाडी गेली तर गेली.

पासचं मात्र नीट बघा. दादर मार्गे काढलेला पास परळ-प्रभादेवीला चालेल असं धरून चालू नका, खिडकीवर स्पष्ट विचारून घ्या. आणि परळच्या इंडिकेटरवर गाडी तिथूनच सुटणारी आहे की मागून येतेय हे बघितल्याशिवाय चढू नका, मागून येणारीत चढलात तर एवढा वळसा घालून पुन्हा उभ्यानेच.