चिवडा: पातळ पोह्यांचा की तळलेल्या पोह्यांचा?

घरी वीस-पंचवीस माणसं जमणार असली की मी पातळ पोह्यांचाच चिवडा करते. अर्धा किलो पोह्यांना वाटीभर तेल पुरतं. पोहे आधी चाळून, कडक उन्हात ठेवून मग मंद आचेवर परतायचे. चिमटीत धरल्यावर चुरा झाला की झाले. घाई केली तर ते आकसतात, आणि मग कितीही चांगली फोडणी दिली तरी वातडच लागतात. फोडणीत मिरच्या आणि कढीपत्ता पार कुरकुरीत होऊ द्या; त्यात ओलावा राहिला तर दोन दिवसांत चिवडा सादळतो. पिठीसाखर गॅस बंद केल्यावरच घालायची.

जाड पोह्यांचा तळलेला चिवडा चवीला जास्त खमंग, हे मान्यच. कडकडीत तेलात गाळणी बुडवली की पोहे क्षणात फुलून वर येतात, बघायलाही छान वाटतं! पण तो तेलकट होतो, मूठभर खाल्ला की पुरे होतं. शिवाय मूठ-मूठ तळत बसावं लागतं. चार जणांसाठी, वरून कांदा-लिंबू घेऊन खायला तो उत्तम. हळदीकुंकवाला किंवा भिशीला मात्र पातळ पोहेच.