पाचव्या दिवशी लंगडणं थांबलं

माझी घोडी १४ वर्षांची. दुडकीवर घेतली की पुढचा उजवा पाय टेकताना मान वर उचलायची. साध्या चालीत काही दिसायचं नाही, म्हणून मीही चालढकल केली. पशुवैद्यांना दाखवायचं सोडून सांध्यांसाठीची कोलॅजन पावडर मागवली. तीही सहा महिन्यांची, कारण एकदम घेतली तर सूट होती.

डब्यावर ठळक अक्षरांत '१०० टक्के वनस्पतिजन्य कोलॅजन'. लबाडी तिथेच छापलेली होती, मलाच वाचता आली नाही. कोलॅजन हे प्राण्यांच्या शरीरातलं प्रथिन. ते जनावरांच्या कातड्यातून, हाडांतून नाहीतर माशांच्या त्वचेतून काढतात. झाडपाल्यात ते नसतंच. घटकांच्या जागी 'विशेष मिश्रण' एवढंच. कशात किती ग्रॅम, बॅच क्रमांक काय, काही नाही. वर '१५ दिवसांत खूर टणक' हाही दावा. खुराची भिंत केराटिनची, महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढणारी. १५ दिवसांत तिथे काय फरक पडणार? माझ्या नालबंदाला विचारलं असतं तरी तो हसला असता.

पण पाचव्या दिवशी घोडी साफ सरळ दुडकली. मी हरखून व्हिडिओ काढला आणि लगेच विक्रेत्याला पाठवला.

तिसऱ्या आठवड्यात ती चंदी अर्धी टाकायला लागली. उभ्या उभ्या दात खायची, लीद पातळ झाली. मधे मी चार दिवस बाहेर होतो, पावडर चुकली, तर मान पुन्हा उचलायला लागली. आल्यावर मी काय करावं? पावडरीचा गुण किती, असं म्हणून दोन चमचे जास्त घातले.

खाणं फारच कमी झालं तेव्हा पशुवैद्य आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "दुखण्यावर काय देताय?"

"औषध काहीच नाही, डॉक्टर. फक्त कोलॅजन."

"खाल्लेलं कोलॅजन आतड्यात तुटून अमिनो आम्लं नि छोटे पेप्टाइड होतं. त्याने पाच दिवसांत लंगडणं जात नाही. रक्त घेतो."

रक्तात फिनाइलब्युटाझोन निघालं, तबेल्यात ज्याला सगळे ब्यूट म्हणतात ते. वेदना दाबणारं औषध. जास्त झालं की जठरात आणि मोठ्या आतड्यात व्रण करतं, मूत्रपिंडांनाही त्रास देतं. स्पर्धेत उतरवली असती तर तपासणीत सापडून मीच अडकलो असतो.

पावडर बंद करून अंगातलं औषध उतरल्यावर डॉक्टरांनी टाचेजवळ बधिरतेचं इंजेक्शन दिलं आणि दुडकी करून पाहिली. मान स्थिर. दुखणं टाचेच्या भागात होतं. मी ज्या सांध्यासाठी खुराक घालत होतो त्याचा संबंधच नव्हता. पुढचा खूर लांब नि टाच खाली बसलेली, म्हणून नाल बदलली, काम थांबवलं. आता हळूहळू उतार आहे. पोटाचे उपचार मात्र अजून चालू आहेत.

पैसे परत मागितले तर विक्रेता म्हणाला, "तुमच्या घोडीला मानवलं नसेल." रक्ताचा अहवाल पाठवल्यावर त्याने उत्तर देणंच सोडलं. माझा पाचव्या दिवसाचा व्हिडिओ तो अजून जाहिरातीत दाखवतो. त्यात मागे माझाच आवाज आहे, "बघा, कशी पळतेय!"