शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली ४८,२५० रुपये

माझा मुलगा आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण होऊन शिकाऊ उमेदवारीसाठी कंपनी शोधत असताना नाशिकमधील एका प्लेसमेंट कार्यालयाने आमच्याकडून एकूण ४८,२५० रुपये उकळले. नोंदणीचे १,५००, सुरक्षा अनामत २८,०००, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि सेफ्टी बूट यांच्या किटचे ६,७५०, आणि वायरमनचा परवाना काढून देण्याचे १२,०००. अशा ठिकाणी काय चालते हे बहुतेकांना ठाऊक आहे, मलाही होते. पतसंस्थेत कर्जदारांचे कागद तपासण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, त्यामुळे हे लिहिताना किती लाज वाटते ते मलाच माहीत.

संशयाची जागा होती ती कराराच्या दुसऱ्या पानावर. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ प्रमाणे होणारा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि त्याला क्रमांक मिळतो. आमच्या कागदावर त्या रकान्यात पेन्सिलीने एक रेघ ओढलेली होती. मी विचारले. समोरचा गृहस्थ म्हणाला, "काका, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी नंबर पडेल." एखाद्या कर्जदाराने हेच उत्तर दिले असते तर मी फाईल परत केली असती. पण शेजारी मुलगा बसला होता, त्याच्या वर्गातली मुले कामाला लागली होती, आणि त्या गृहस्थाने वर्षभरानंतर एमएसईबीत चिकटवण्याचे गाजर दाखवले होते. त्या मंडळाचे २००५ मध्येच विभाजन झाले आहे हे मला माहीत नव्हते असे नाही. परंतु आपल्याकडे सगळेच अजून एमएसईबी म्हणतात, त्यात खटकण्यासारखे काय होते?

दरमहा ९,००० रुपये विद्यावेतनाचा शब्द होता. मिळाले ४,०००, तेही एकदाच आणि रोख. ठरलेल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याऐवजी त्याला एका इमारतीच्या कामावर पाठवले, जिथे दिवसभर भिंतीला झिऱ्या मारणे (वायरच्या पाईपसाठी खाचा पाडणे), पाईप टाकणे आणि वायर ओढणे एवढेच होते. डीबी, म्हणजे वीजवितरणाची पेटी, उघडून जोडणी करण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. ज्याला शिकवायचे त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे आणि वर ठेकेदाराला स्वस्त मजूर पुरवायचा, असा हा दुहेरी धंदा आहे. खऱ्या शिकाऊ उमेदवारीत पैसा मालकाकडून मुलाकडे येतो. पोर्टलवरील नोंदणी मोफत आहे. अनामत हा शब्द निघाला की खुर्चीवरून उठा.

पैसे परत मागताच पावतीवर बारीक अक्षरांत छापलेले 'सल्ला शुल्क, परत मिळणार नाही' हे शब्द मला दाखवण्यात आले. तेथून सरकारी दारे सुरू झाली. कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने सांगितले की कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, म्हणून विषय त्यांचा नाही. शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने सांगितले की करार नोंदलेलाच नाही, म्हणजे मुलगा त्यांच्या लेखी उमेदवारच नाही. कायदा मोडून करार न नोंदवणाऱ्याला त्याच कारणाने सूट मिळावी, हा न्याय मला आजवर कोणी समजावून सांगितलेला नाही! पोलिसांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि पैसे तुम्ही राजीखुशीने दिले, प्रकरण दिवाणी आहे, असे ऐकवले. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, हे मी म्हणालो तेव्हा, वकील करा, असा सल्ला मिळाला. अनामतीच्या २८,००० रुपयांसाठी वकील लावणारा माणूस मुलाला झिऱ्या मारायला कशाला पाठवील?

परवान्याचे १२,००० तर सरळ बुडाले, कारण तो परवाना राज्याचे अनुज्ञापक मंडळ देते, दलाल नव्हे. रोख रक्कम देऊ नका. बँकेतून दिलेल्या पैशाचा निदान माग राहतो. करारावर सही करण्याआधी कंपनीच्या गेटवर जाऊन मनुष्यबळ विभागात मुलाचे नाव विचारा, आणि प्रशिक्षण संपल्यावर मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र खासगी कार्यालय छापून देऊ शकत नाही, हे मुलालाही सांगून ठेवा.

ते कार्यालय आजही सुरू आहे, फक्त पाटी नवीन आहे. 'सल्ला शुल्क' लिहिलेली पावती ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती जपून ठेवावी आणि एकेकटे न जाता एकत्र अर्ज द्यावा, कारण माझा एकट्याचा अर्ज अजून 'चौकशीवर' आहे.