इमहेक्स: जुन्या कलर पॅलेट फाइल्स उलगडायला वापरून बघितला, त्याबद्दल

गेले दोन महिने इमहेक्स हा हेक्स एडिटर, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम, रोज वापरतेय आणि तेही एकाच कामासाठी, बायनरी पॅलेट फाइल्समधले (रंगांच्या यादीच्या, साध्या मजकुरासारख्या न वाचता येणाऱ्या फाइल्समधले) रंग बाहेर काढायला. कुणाला हेच करायचं असेल तर त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

झालं असं की माझ्याकडे एका ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या पॅलेट फाइल्स होत्या, वर्षानुवर्षं जमवलेल्या, प्रत्येक रंगाला मी स्वतः नाव दिलेलं. ते सॉफ्टवेअर आता चालत नाही आणि फॉरमॅटची माहिती मला कुठेच सापडली नाही. म्हणून आधी एका साध्या हेक्स एडिटरमध्ये उघडल्या, बाजूला वही घेतली, ऑफसेट (कुठला बाइट फाइलमध्ये कितव्या जागी आहे ते) लिहायचे, बाइट उलटेसुलटे करून आकडा काढायचा, मग तो रंग दुसऱ्या प्रोग्राममध्ये टाकून बघायचा, आणि अंदाज चुकला की सगळं पहिल्यापासून. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

इमहेक्समध्ये अंदाज वहीत नाही, पॅटर्नमध्ये, म्हणजे फाइलच्या रचनेच्या वर्णनात लिहायचा. त्याची स्वतःची पॅटर्न लँग्वेज आहे, सी ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर ओळखीची वाटते. समजा पहिले ४ बाइट सही (फॉरमॅट ओळखायची ठरलेली खूण), पुढचे २ बाइट रंगांची संख्या, मग तेवढ्या नोंदी, असं लिहून रन केलं की समोरच्या हेक्समध्ये तेवढे बाइट लगेच रंगतात आणि खाली टेबलमध्ये किमती दिसतात. अंदाज एका बाइटने जरी चुकला तरी रंगवलेले पट्टे नावांच्या मधूनच कापत जाताना दिसतात, शोधावं लागत नाही.

माझ्या फाइल्सचं उदाहरण देते म्हणजे नीट कळेल. तीन फाइल्सच्या साइज होत्या ३४४, ६६४ आणि १३०४ बाइट. पाचव्या बाइटपासून बघितलं तर अनुक्रमे १० ००, २० ०० आणि ४० ००, हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर. लिटल एंडियन, म्हणजे आकड्याचा लहान बाइट आधी, असं धरलं तर १६, ३२ आणि ६४. आता वजाबाकी करा: १६ रंग वाढले तर ३२० बाइट वाढले, ३२ वाढले तर ६४०. म्हणजे एका रंगाला २० बाइट, आणि ३४४ मधून ३२० गेले की उरले २४, तो हेडर, म्हणजे रंगांच्या आधीचा माहितीचा भाग. हे कागदावरच झालं, त्यासाठी कुठलंच टूल लागत नाही, आणि सुरुवात नेहमी इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं, एकाच प्रोग्रामच्या वेगवेगळ्या साइजच्या फाइल्स जमवा आणि आधी वजाबाकी करा.

खरी मजा त्यानंतर. इमहेक्समध्ये पॅटर्नला रंग देता येतो आणि तो रंग फाइलमधल्याच किमतींवरून काढता येतो. म्हणजे तीन बाइट जर लाल, हिरवा, निळा असतील तर ते तीन बाइट त्याच रंगात रंगव असं सांगता येतं. मी तसं केलं आणि अख्खी पॅलेट हेक्सच्या जाळीत पसरलेली दिसली! पण ‘स्काय’ नावाचा माझा रंग चक्क वाळूसारखा पिवळट आला. बाइट होते ईबी सीई ८७, म्हणजे २३५, २०६, १३५. उलटे वाचले, १३५, २०६, २३५, की हवा तो आकाशी. म्हणजे क्रम निळा, हिरवा, लाल असा होता. पॅटर्नमध्ये दोन ओळींची अदलाबदल केली, परत रन केलं, आणि सगळे रंग एका क्षणात जागेवर आले. वहीवर हेच शोधायला मला किती वेळ लागला असता सांगता येत नाही, कारण करडे आणि पांढरे रंग दोन्हीकडून सारखेच वाचले जातात आणि नेमके तेच माझ्या फाइलमध्ये सुरुवातीला होते.

मग हात बसावा म्हणून माहितीतले फॉरमॅटही त्यात उघडले. फोटोशॉपची एसीटी फाइल सगळ्यात सोपी, सही नाही, हेडर नाही, २५६ रंग गुणिले ३ म्हणजे ७६८ बाइट, कधीकधी शेवटी ४ बाइट जास्त असतात, त्यात रंगांची संख्या आणि पारदर्शक रंगाचा नंबर. पण ७६८ बाइटची प्रत्येक फाइल तशीच असेल असं धरू नका. एक जुनी गेमची पॅलेट रंगवली तर सगळंच काळपट दिसलं, नीट बघितलं तर एकही बाइट ६३ च्या वर नाही. ती व्हीजीएची, म्हणजे जुन्या पीसीच्या डिस्प्लेची, ६ बिटवाली, तिथे किंमत ० ते ६३ इतकीच. तिथे नुसतं ४ ने गुणलं तर पांढरा २५२ वरच अडकतो, म्हणून दोन बिट डावीकडे सरकवायचे आणि वरचेच दोन बिट खाली परत भरायचे, तेव्हा ६३ चे बरोबर २५५ होतात.

एसीओ या फोटोशॉपच्याच दुसऱ्या रंगांच्या फाइलमध्ये गंमत वेगळी. सगळं बिग एंडियन (मोठा बाइट आधी), आधी व्हर्जन १ चा भाग, प्रत्येक रंगाला १० बाइट, आणि तो संपला की त्याच फाइलमध्ये व्हर्जन २, तेच रंग परत पण नावांसकट. पहिल्या भागावर थांबलात तर नावं हातची गेली. शिवाय सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांमध्ये) किंमत उलटी, ० म्हणजे पूर्ण शाई. हे मला माहीत नव्हतं, गडद रंग फिके आणि फिके गडद दिसले तेव्हा लक्षात आलं.

एएसई, अडोबीचाच रंगांचा आणखी एक फॉरमॅट, मात्र मला सगळ्यात आवडला. सुरुवातीला एएसईएफ अशी चार अक्षरं, मग ब्लॉक, आणि रंगाच्या किमती ३२ बिट फ्लोट, म्हणजे दशांश संख्या. ३एफ ८० ०० ०० दिसलं की समजायचं हा १.०, आणि ३एफ ०० ०० ०० म्हणजे ०.५. एकदा ही जोडी डोळ्यात बसली की अनोळखी फाइलमध्येही बिग एंडियन फ्लोट लांबूनच ओळखू येतात. एक सांभाळा, नावाची लांबी तिथे बाइटमध्ये नाही तर यूटीएफ-१६ च्या, म्हणजे दोन-दोन बाइटच्या अक्षरांमध्ये मोजलेली असते, शेवटचं शून्य धरून, म्हणून दुपटीने पुढे सरकावं लागतं.

आता कमी काय ते. पहिल्यांदा उघडला की खिडक्यांची इतकी गर्दी असते की कुठे बघावं कळत नाही, मी पॅटर्न एडिटर, पॅटर्न डेटा आणि डेटा इन्स्पेक्टर सोडून बाकी सगळं बंद केलं तेव्हा कुठे सुचायला लागलं. पॅटर्न लँग्वेज शिकायला एक आठवडा सहज धरा. ग्राफिक्स कार्डवर चालतो त्यामुळे फार जुन्या मशीनवर साधा एडिटरच बरा. आणि शेकडो फाइल्स एकदम बदलायला मी पायथॉनच वापरलं, इमहेक्समध्ये फॉरमॅट समजून घ्यायचा आणि कन्व्हर्टर बाहेर लिहायचा अशी विभागणी मला सोयीची पडली. वेगवेगळ्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये पार्सर (फाइल वाचून तिचे भाग वेगळे करणारा कोड) हवा असेल तर कायताई स्ट्रक्ट बघा, एकदा वर्णन लिहिलं की तो कोड तयार करून देतो, पण चाचपडत असतानाच्या काळात मला इमहेक्सच हातात हवा.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

हो, आणि माझ्या फाइल्समधला एक बाइट राहिला होता. २० बाइटच्या नोंदीत ३ रंगाचे, १६ नावाचे, आणि मधला एक कायम शून्य. मी तो रिकामी जागा म्हणून सोडून दिला होता. नंतर सगळ्या फाइल्सवर तोच पॅटर्न चालवला आणि टेबलमध्ये एकाच फाइलमधल्या तीन रंगांना तिथे १ दिसला. नावं वाचली आणि आठवलं, चुकून बदलू नयेत म्हणून त्या पॅलेटमध्ये मी तेवढेच तीन रंग लॉक करून ठेवले होते.